बाबांचं बी आणि सासूबाईंचा घट

हॅलो? … हां ताई, बोल. … नाही गं, झोपले नव्हते, उद्या नवमी, परवा दसरा, घरात झोपायला कुणाला वेळ आहे? … हळू बोलतेय कारण… काही नाही, घसा बसलाय. तू बोल.

… अगं बाई. सगळं? … एकही नाही राहिलं?

… कबुतरांनीच कशावरून? … अच्छा. समोरच्या कठड्यावर बसून, तुझ्या देखत. मग हाकललं नाहीस? … हो, हो, नवव्या मजल्यावर मांजर कुठून आणणार, खरंय. पण जाळी तरी लावायची होतीस. गुडगावची इतकी चकाचक बिल्डिंग, लिफ्टमध्ये आरसा, वीज गेली की जनरेटर, आणि बाल्कनीला साधी जाळी नाही.

… टोमणा नाही मारत. जाळीबद्दल बोलले फक्त.

… हो. म्हणजे आता बाबांचं स्वीट पी फक्त माझ्याकडेच. … समजतंय गं मला. नेताजीनगरच्या क्वार्टरच्या कुंपणावरच्या त्या फुलवेलाचं शेवटचं बी. बाबांनी स्वतः शेंगा सोलल्या, फिल्मच्या दोन डब्यांत भरलं, एक तुला, एक मला, आणि पुढच्या महिन्यात गेलेच. … ताई, रडू नकोस ना. तू रडलीस की मलाही… आणि माझा घसा बसलाय.

… अर्धं? देईन की. का नाही देणार?

… अगं ऐक ना, तुझ्या गुलदाउदीला काटक्या लावल्यास का? आत्ताच लावायला हव्यात, कळ्या धरल्या की मान टाकतात. आणि कुंड्यांची माती? पावसाळ्यानं दगड झालेली असते. मी या वेळी सगळ्या कुंड्या उपड्या केल्या, शेणखत, वाळू, थोडी निंबोळी पेंड, अशी माती केली म्हणून सांगू, शिऱ्यासारखी मोकळी. गुलाब मात्र इतक्यात छाटू नकोस हं, ऊन अजून…

… विषय नाही बदलत.

… पेरलं की. … हो, भिजवून. बाबा भिजवायचे तसंच, रात्रभर वाटीत.

… उगवलंय ना. … एकूण एक. खरंच. दोन बोटं वर आलंय, जाडसर देठ, टोकाला पानांची जोडी. … कुठल्या कुंडीत म्हणजे… थांब हं. दार लोटून येते.

हां. ताई, ओरडायचं नाही. ते घटात आहे.

… घट. नवरात्राचा घट. देवघरात, आमच्या सासूबाईंच्या.

… तू आधी श्वास घे. सांगते.

अगं, वाटी ओट्यावर होती. सकाळी घटस्थापना. घटाच्या मातीत पेरायला सात धान्यं लागतात, ती आणायला श्रीरंगना पाठवलं, त्यांनी सहाच आणली. मी अंघोळीला गेलेली. सासूबाई ओट्याशी आल्या, बघतात तो वाटीत काळे वाटाणे, नीट भिजवलेले, टम्म फुगलेले. घेतले आणि पेरले. माती पण माझीच, तीच ती, शिऱ्यासारखी. मी केस पुसत बाहेर येते तर घट बसलेला, दिवा लागलेला.

… लगेच का नाही सांगितलं? तेच सांगतेय. तोंड उघडलं होतं मी. तर त्याच आधी म्हणाल्या, "सुनीती, तुझं लक्ष असतं हो घरात." … ताई, एकोणीस वर्षं झाली लग्नाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आता हे ऐकल्यावर तुझी तरी जीभ उचलली असती का?

… नाही ना? मग.

आणि एकदा घट बसला की संपलं. हलवायचा नाही, मातीत बोट घालायचं नाही, दिवा विझू द्यायचा नाही. म्हटलं, ठीक आहे, दसऱ्याला घट उठले की हळूच काढून घेऊ. पण मध्येच वरच्या भाटियाबाई आल्या.

… तीच, जिच्या मुलाला कॅनडाला जायचंय. त्यांच्यातही पेरतात ना नवरात्रात, खेत्री म्हणतात, जव असतात. या वर्षी त्यांचं जेमतेम आलंय. आमचा घट बघायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. म्हणाल्या, ये जौ नहीं है. म्हटलं, गहू असेल. ये गेहूँ भी नहीं है. मग म्हटलं, पता नहीं. ते "पता नहीं" बोलले तिथेच मी मेले.

… अगं, मातेचा संकेत! संध्याकाळपर्यंत ए ब्लॉक, बी ब्लॉक, सगळीकडे. आता रोज आरतीला जिन्यात चपलांची रांग, खालच्या मजल्यापर्यंत. गुप्तांनी नवी गाडी घेतली, ती शोरूममधून थेट आमच्या खिडकीखाली आणून उभी केली, तोंड घटाकडे करून. आधी गाडीला दर्शन, मग घरच्यांना गाडीचं. आणि आमची तनया म्हणते, मम्मा, टिकट लगा दो यार.

… श्रीरंगना माहितीये की. पेपरामागून म्हणाले, मी केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, दोन खात्यांच्या वादात पडत नाही.

… हसू नकोस, खरी गंमत पुढेच आहे. दसऱ्याला घट उठला की सासूबाई ते अंकुर उपटून सगळ्यांना प्रसाद म्हणून देतात. बायका केसांत माळतात, पुरुष कानावर ठेवतात. या वर्षी गव्हाचे कुणालाच नकोयत. सगळ्यांनी "वो वाला" सांगून ठेवलाय. ताई, परवा संध्याकाळी बाबांचं स्वीट पी भाटियाबाईंच्या अंबाड्यात असेल. आणि रात्री त्यांच्या केराच्या डब्यात.

… खरं सांगून टाकू? कुणाला? भाटियाबाईंनी मुलाच्या व्हिसासाठी नवस बोललाय त्या रोपासमोर. आणि सासूबाईंना काय सांगू, की नऊ दिवस तुम्ही माझ्या कुंडीतल्या फुलांची पूजा केलीत? कसल्या आनंदात आहेत गं त्या. या सोसायटीत आल्यापासून त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. हिंदी येत नाही म्हणून गप्प बसायच्या. आता रोज चौदा बायका पाया पडतात, आणि त्यांना हिंदीही यायला लागलीये.

… नाही, नाही, ड्रायव्हर पाठवू नकोस. तो काय करणार, घट पळवून नेणार?

… बदलायचं कसं? मातीत बोट घालायचं नाही म्हटलं ना.

… मलाही हवंय गं ताई. तुला काय वाटतं, मला नकोय? रोज आरतीत मी डोळे मिटत नाही. त्याच्याकडेच बघते. बाबा म्हणायचे आठवतं, "पेरलंस ना, आता हात मागे बांध"? मी कधी बांधले? दुसऱ्या दिवसापासून काडीनं उकरून बघायचे, मोड आला का, मोड आला का. म्हणून माझं निम्मं कुजायचं. या वेळी देवीच्या धाकानं कुणी हात लावला नाही, तर एकूण एक वर आलं. आणि तेच परवा…

… थांब, थांब. दार वाजतंय.

काय आई? … नाही, कुमुदताईचा फोन आहे. … हो, बराच वेळ झाला. … काय म्हणालात?

… अं? … हो. … हो, आई. … बरं.

… आहेस का ताई? … आहे, आहे, मी पण आहे. अगं, सासूबाई होत्या. म्हणतात, घसा बसलेला माणूस इतका वेळ बोलत नाही.

… सगळं ऐकलं त्यांनी. पहिल्यापासून. पण तसंही त्यांना माहितीच होतं. पाचव्या माळेला कळलं म्हणे. बाबा दर फेब्रुवारीत आमच्याकडे त्या फुलांची जुडी घेऊन यायचे ना, ओल्या रुमालात देठं गुंडाळून? ती कोण उलगडायचं? त्याच. पानं ओळखली त्यांनी. पण तोवर भाटियाबाई नवस बोलून गेल्या होत्या. म्हणतात, देवीसमोर हात जोडलेल्या बाईला मी कसं सांगू, हे व्याह्यांचं फूल आहे म्हणून?

… म्हणजे पाचव्या माळेपासून आम्ही दोघी एकमेकींपासून लपवतोय. आरतीला शेजारी उभ्या राहून.

… तेच सांगतेय, त्यांनी ठरवून टाकलंय. तनयाला चहाचे कागदी कप आणायला पाठवलंय. परवा घट उठला की एकेक रोप मातीसकट चमच्यानं त्या स्वतः काढणार. प्रत्येकीला एक. आणि सांगणार, हा प्रसाद माळायचा नाही, कुंडीत लावायचा, दोरी बांधून वर चढवायचा, फुलं आली की देवीला वाहायची, आणि शेंगा वाळल्या की मोजून इथे परत आणून द्यायच्या. … नाही, मरू कशाला देतील? माझ्याकडून मेलं असतं एखादं, तुझ्याकडे तर कबुतरं आहेत. मातेचा प्रसाद सुकू द्यायची कुणाची छाती आहे? सबंध सोसायटीच्या बाल्कन्यांतून चढेल गं ते. बाबासुद्धा सगळ्या क्वार्टरांत जुड्या वाटतच होते ना.

… राखून ठेवलीत की तुझी. दोन रोपं. पण सासूबाईंची अट आहे, आधी जाळी.

… मी नाही, त्या म्हणाल्या. … मी काही शिकवलेलं नाही त्यांना.

… बरं, चल, आरतीची वेळ झाली, बायका यायला लागल्यात. … काय? … हो, जाताजाता आणखी एक म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं गं. दारातूनच म्हणाल्या, आणि ते घटस्थापनेला मी तुला जे बोलले होते ना, ते मागे घेत नाही.

… नाही, रडत नाहीये. घसा. … हो, ये. परवा सकाळीच ये. जाळीवाल्याची पावती घेऊन.