ओबरमोसचा कर उतरला तेव्हा

—हसू नका साहेब, हसलात की कान हलतो, आणि कात्री माझ्यासारखीच हट्टी आहे. झ्युरिक सोडून आमच्या ओबरमोसला आलात ते तळ्याच्या हवेसाठी, असं म्हणताय? बरं बरं. तेच तळं तिकडेही आहे की! पण तिकडच्या काठाला कर जास्त, आमच्या काठाला कमी — पैसेवाल्यांना इथली हवा फार मानवते बघा. लाजताय काय? आम्हीच बोलावलंय तुम्हाला.

कसं म्हणजे? इथं कर किती ते गावच ठरवतं, हात वर करून. सहा वर्षांपूर्वी शाळेच्या व्यायामशाळेत ग्रामसभा भरली होती. शेजारच्या फेल्डाख गावानं कर उतरवला होता. आमचे गावप्रमुख एर्विन म्हणाले, आपणही उतरवू, नाहीतर आहेत ते श्रीमंतही तिकडे पळतील. उतरवला तर नवे येतील, उलट तिजोरी भरेल. भरली हो! खोटं कशाला बोलू? रस्ते बघा, पान मांडून जेवावं असे. तर तेव्हा एक मुलगी उठली — लिव्हिया, इथल्याच दवाखान्यात नर्स — म्हणाली, "नवे येतील ते घरं घेतील. मग आम्ही राहायचं कुठं?" एर्विन गोड हसले, "अगं, तू काय, उद्या लग्न करून भुर्रकन उडशील!" सगळे हसले. मीही हसले. मग एर्विन म्हणाले, कर उतरवायचा त्यांनी करा हात वर. केला मी. का म्हणजे? — नवी डोकी येणार, माझं दुकान चालणार! आता सगळी नवी डोकी झ्युरिकला जाऊन केस कापतात. तुम्ही पहिलेच. गाडी बिघडलीय म्हणून आलात? तरीच म्हटलं!

लिव्हिया? गेली ना. चार वर्षांत भाडं दुप्पट. आता डोंगरापलीकडे राहते, तिथं कर जास्त, घर स्वस्त. येते रविवारी — म्हणजे कधीमधी. पूर्वी रोज सकाळी जिना उतरून माझ्याकडे कॉफीला यायची. हो, तुमचाच जिना, तुमचाच तिसरा मजला. स्वयंपाकघराची खिडकी अडकते ना? वरून धक्का द्यायचा, खालून नाही. मला कसं माहीत? — आईला नाही तर कुणाला माहीत असणार?

मागे वळू नका, मान सरळ.

शेजारीच बसली होती हो ती माझ्या. बोलून खाली बसली, आणि माझा हात वर. बघितला तिनं. भांडली असती तर बरं झालं असतं — आम्ही दोघी भांडण्यात पटाईत. पण नाही. निघताना मला कोटाची बाही सापडेना, तर तिनं कोट धरला, एवढंच.

गुरुवारी परत सभा आहे. फेल्डाखनं पुन्हा उतरवलाय. एर्विन काल इथंच, या खुर्चीत बसून विचारत होते, "बार्बरा, तुझा हात आहे ना आमच्या बाजूनं?" आणि मी — काय? मी काय म्हणाले?

झालं तुमचं. उठा. मानेवरचे केस घरी जाऊन झटका. आणि जाताना दार ओढून घ्या.