इलायती पोपटाची करकर

१९४१च्या हिवाळ्यात मंगरूळपीरच्या गुरांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघे होते. रामकिसनजवळ बैल होता, सोजरबाईंच्या हातात पिंजरा.

"सोजरबाई, चिमणी आनली काय?" रामकिसनने विचारलं.

"इलायती पोपट हाय, भाऊ. जावयानं देल्ला. चोच करकर घासते थो. बैल दात खाते तवा त्याचं पोट दुखते ना?"

"हो. पन ह्यो दाना खाते काय?"

"राळा पोटभर खाते."

"मंग करकर कवा करते?"

"मी ओवी म्हटली का. एक पाय वर घेते, डोये मिटते अन् सुरू."

"म्हना बरं."

ओवी झाली. पिंजऱ्यातून करकर ऐकू आली.

"बाई, दुखत असतं तं अशा डुलक्या घेतल्या असत्या काय? खुश हाय थो!"

"खरंच? मंग मी चालली घरी."

"थांबा, अजून एक म्हना. माहा बैल सुईले भेते."