मैथिलीच्या नावाखाली शुभदा

‘मैथिलीचं म्हणे आधीच—’ एवढंच ऐकलंत ना? आणि तेवढ्यात बोलणारा उतरून गेला? वीर स्टेशनवरून येताना रिक्षात कुणीतरी अर्धं बोलतं, आणि तुम्ही, मुलाचे मामा, उरलेलं अर्धं मनातल्या मनात पुरं करून येता! बसा हो, बसा. समोरच्या दारात जायच्या आधी शेजारी चौकशी करायला आलात ते बरंच केलंत. आता मला सांगा, पोरीचं लग्न झालेलं असतं तर तुम्ही येणार म्हणून तिच्या आईनं सकाळपासून पोह्यांची तयारी केली असती?

काय म्हणता? वधूवर मंडळाच्या वेबसाइटवर तिचा हार घातलेला फोटो आहे? तोच तर घोळ! हातात हार, शेजारी फेट्यातला नवरा — ती मैथिली नव्हेच मुळी, ती कापडे गावची शुभदा. मंडळानं जमवलेलं लग्न म्हणून तिचा फोटो वेगळ्या पानावर टाकलेला. मग मैथिलीच्या नावाखाली कसा गेला? विचारा त्या आमोदला. पुण्याहून इंजिनियर होऊन आलाय, वेबसाइट त्यानंच केली. अहो, इथला स्टुडिओवाला फोटोंची सीडी देतो, आणि त्यात प्रत्येकाच्या पहिल्या फोटोचं नाव एकच — ‘फोटो १’. अख्खं महाड ‘फोटो १’! आणि या शहाण्यानं आले तसे, त्याच नावानं ठेवून दिले. शुभदाचा शेवटी चढला, त्याच नावाचे आधीचे सगळे पुसले. मी सातवी शिकलेली, पण गिरणीत डबा ठेवताना झाकणावर आडनाव घालते — सगळ्यांनी नुसतं ‘गहू’ लिहिलं तर पीठ कुणाच्या घरी जाईल? मुलांच्या यादीतल्या अनिशच्या नावाखाली शुभदा, विधुर महिपतरावांच्या नावाखालीही शुभदा — ते मात्र तक्रारच करत नव्हते! आणि आमोद काय म्हणतो? ‘काकू, प्रत्येक फोटो ज्याच्या त्याच्या नोंदीला जोडायचा राहिला.’ राहिला म्हणे! त्या फोटोपायी दोन स्थळं दारातून परत गेली, आणि याचं नुसतं ‘राहिला’!

तेव्हा ते खूळ डोक्यातून काढा. मैथिलीनं कुणाच्या गळ्यात हार घातलेला नाही. साखरपुडा काय तो झाला होता, तोही—

का हो? तिच्या आईनं सांगितलं नाही तुम्हाला?

अहो, सव गावचा मुलगा होता. भर साखरपुड्यात त्याची आई म्हणाली, शाळेतली नोकरी सोडावी लागेल. हिनं अंगठी काढून ताटात ठेवली. एवढंच. यात लपवायचं काय? मी म्हटलंही होतं तिच्या आईला, सांगून मोकळी हो — तर मलाच शपथ घातली, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून...

कप का खाली ठेवलात? अर्धा चहा तसाच आहे.

असं? बरं. निघा मग. लग्न झालं नव्हतं हे कळलं, तेवढ्यानं भागत नाही ना तुमचं? तुमच्या असल्या घरात तिनं न गेलेलंच बरं. चपला तिथं, कोपऱ्यात. आणि त्यांच्या दारावरून जाताना पाय वाजवू नका — सकाळपासून साडी नेसून बसलीय पोर.