पावडरच्या डब्याची पट्टी

काका : नाही म्हणजे नाही, मिस्त्री! त्या ऑल्टरनेटरचं नाव माझ्या गाडीपुढे काढायचं नाही. छत्तीस वर्षांत मी तिचा एक स्क्रूसुद्धा बदलू दिलेला नाही.

मिस्त्री : अहो काका, मी बसवायला घेतलाय का? तुम्हीच विचारलंत, डायनामो गेला असेल तर काय. म्हणून सांगितलं. वीज दोघंही बनवतात. पण डायनामोला गाडी पळती लागते. सिग्नलला थांबलात की तोही हात टेकतो. ऑल्टरनेटर उभ्या गाडीतसुद्धा बॅटरी भरत राहतो.

काका : डायनामोवर चालवायची एक पद्धत असते. सिग्नलला चवडा ब्रेकवर आणि टाच ॲक्सिलरेटरवर. इंजिन गुरगुरत ठेवायचं. माझे दिवे कधी मंद झालेले बघितलेत तुम्ही?

काकू : दिवे नाही झाले मंद. पण शेजारच्या स्कूटरवाल्याला वाटायचं, हे आजोबा शर्यत लावतायत.

काका : तू इथे काय करतेयस? चहाचं बघ ना.

काकू : चहाचं बघून झालं. मी इथेच बसते.

काका : बस. मिस्त्री, ऐका. रविवारी तो जुन्या गाड्या जमवणारा गृहस्थ येतोय. त्याची अट एकच, सगळं मूळचं पाहिजे. डायनामो नसेल तर गाडीला हातही लावणार नाही म्हणाला.

मिस्त्री : म्हणजे विकताय? खरंच?

काका : मग काय करू? आजारी पडल्यापासून माझ्या उजव्या हातात चमचा राहत नाही, स्टिअरिंग काय धरणार! रोज खिडकीतून ती उभी दिसते. नाही बघवत मला. जाईल तिथे अस्सल जाऊ दे, एवढंच.

मिस्त्री : बरं. मग दुखणं काय आहे ते तरी सांगा.

काका : काल हिला नुसती चालू करायला लावली. किल्ली फिरव म्हटलं. तर लाल दिवा विझेना. आणि चार्जिंगचा काटा भलतीकडेच. बॅटरी भरत असेल तर उजवीकडे जायला हवा, हा डावीकडे चिकटून बसला.

मिस्त्री : चालू झाली पण पहिल्या किल्लीत?

काका : पहिल्याच. चार महिने उभी असून. मलाही नवल वाटलं.

मिस्त्री : हं. जरा बॅटरीकडे बघू द्या.

काका : बॅटरीला काय धाड भरलीय? डायनामो बघा.

मिस्त्री : बघतो हो. बॅटरीची टोकं कुणी लावली ही?

काका : मीच. दुसरं कोण लावणार?

मिस्त्री : तुम्ही नाही लावली, काका. या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जातं, जुन्या काळची पद्धत. तुमचंच वाक्य आहे, गॅरेजात माझ्या बापाला दहादा ऐकवलेलं. इथे मायनस बॉडीला आहे. आताच्या गाड्यांसारखं.

काका : काहीतरीच!

मिस्त्री : या, वाका जरा. हळू. दिसलं? बॉडीची पकड मोठी असते, ती बारक्या खुंटीवर बसवलीय. ढिली व्हायला नको म्हणून मध्ये काहीतरी खुपसलंय. थांबा, काढतो.

(मिस्त्री बॉनेटखालून हात बाहेर काढतो. बोटांत पत्र्याची गुंडाळलेली पट्टी.)

मिस्त्री : यावर तर गुलाबी फुलं आहेत.

काका : फुलं?

मिस्त्री : कसल्यातरी डब्याचा पत्रा कापलाय. वासही येतोय चांगला.

काका : अगं, ही तुझ्या पावडरच्या डब्याची फुलं ना?

काकू : तशीच दिसतायत.

काका : तशीच दिसतायत काय! आणि थांब, मी तर बॅटरी काढून माळ्याखालच्या फळीवर ठेवली होती. गाडी काही दिवस उभी राहणार असली की बॅटरी काढायची, माझा नेमच आहे. पडलो त्याच्या आदल्या दिवशी काढली होती. मग ती गाडीत आली कुठून?

काकू : सिलिंडरच्या ट्रॉलीवरून.

मिस्त्री : एकट्यानं आणलीत, काकू? केवढी जड आहे!

काकू : उचलली एकदाची. एक पकड ढिली होत होती, तिला पट्टी घातली. दुसरी बसतच नव्हती, तिला खलबत्त्यातला बत्ता घेऊन चार ठोके दिले.

काका : बत्ता! माझ्या गाडीला बत्ता!

काकू : ओरडू नका, डॉक्टरांनी काय सांगितलंय? क्लासच्या गाडीत काळी वायर बॉडीला होती, म्हणून मी इथेही तसंच केलं.

काका : कसला क्लास?

काकू : ड्रायव्हिंगचा. तुम्ही दवाखान्यात होतात ना, सकाळ-संध्याकाळ मी तिथे, दुपारी क्लासला. मग तुम्हाला घरी आणलं, तर तुमच्या दुपारच्या झोपेत शाळेमागच्या मैदानावर. हीच गाडी. बॅटरी दोनदा उतरली, दोनदा भरून आणली.

काका : मिस्त्री, हे तुम्हाला माहीत होतं?

मिस्त्री : आईशप्पथ नाही, काका! मी आत्ता ऐकतोय.

काका : सदुसष्टाव्या वर्षी? कशाला पण? मला एका शब्दानं विचारलं असतंस...

काकू : छत्तीस वर्षांत दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा म्हणालात, क्लच जळेल. दुसऱ्यांदा नुसते हसलात.

काका : ते... ती गोष्ट वेगळी.

काकू : वेगळी नाही. त्या दिवशी तुम्ही मोरीपाशी पडलात. तोंड वाकडं झालेलं, बोलता येईना. गाडी दारात. किल्ली खिळ्याला. आणि मी फाटकात उभी, ॲम्ब्युलन्सची वाट बघत. चाळीस मिनिटं, अहो! मी त्या गाडीकडे बघत होते आणि मला माझाच इतका राग आला ना. पुन्हा तसं उभं राहायचं नाही मला. म्हणून शिकले.

मिस्त्री : मी जरा हात धुऊन येऊ का?

काका : थांबा हो, मिस्त्री. कुठे जाऊ नका. अगं... लायसन्स?

काकू : आलंय. पिठाच्या डब्याखाली आहे.

काका : पहिल्या फटक्यात?

काकू : दुसऱ्या. रिव्हर्सला चुकले.

काका : रिव्हर्सला मीही चुकलो होतो. तुला सांगितलं नव्हतं कधी.

काकू : तुमच्या आईंनी सांगितलं होतं.

काका : बरं, मला सांग, कशी वाटली? म्हणजे, चालवायला.

काकू : सुरेख. स्टिअरिंग जड आहे, पण ऐकते. भीती फक्त एकाच गोष्टीची. तो लाल डोळा सारखा माझ्याकडे बघायचा. वाटायचं, रस्त्यावर नेली तर सिग्नलला बंद पडणार आणि मागचे सगळे हॉर्न मारणार.

मिस्त्री : काकू, तुमच्या वेळी डायनामो वीज देतच नव्हता. बॅटरी उलटी, त्यामुळे दोघांचं भांडण जुंपलं आणि दोघांना जोडणारं मधलं कटआउट जळालं. त्याचे पॉइंट काळे पडलेत, बघा. पण डायनामो जिवंत आहे, काका. बॅटरी सुलटी केली, त्याला विजेचा एक झटका दिला की तो पुन्हा वळणावर येईल. कटआउट दुसरं टाकतो. रविवारच्या आत सगळं अस्सल. सांगा, करू?

काका : आणि मग ही सिग्नलला थांबली की?

मिस्त्री : मग तुमची ती टाच-चवड्याची कसरत. त्याला इलाज नाही.

काकू : मला दोनच पाय आहेत आणि दोन्हीत संधिवात. क्लच, ब्रेक आणि वर ते गुरगुरणं, मला नाही जमायचं.

काका : ऑल्टरनेटर असला तर?

मिस्त्री : तर खुशाल उभं राहायचं. दिवे लख्ख, काटा उजवीकडे.

काका : गाडी कापावी लागेल का कुठे?

मिस्त्री : छे! त्याच जागी पट्टा ताणून बसतो. दोन वायरी इकडच्या तिकडे, झालं. फक्त त्याला बॅटरीचं मायनस बॉडीला लागतं.

काका : म्हणजे हिनं लावलंय तसं?

मिस्त्री : अगदी तस्सं. काकूंनी आधीच करून ठेवलंय म्हणा ना.

काकू : बघा!

काका : बघतोय. मिस्त्री, तुमच्याकडे तयार आहे का एखादा?

मिस्त्री : आहे. पण काका, मग तो रविवारचा माणूस?

काका : त्याला मी फोन करतो. गाडी आता अस्सल राहिलेली नाही म्हणून सांगतो. आणि रविवारी आम्ही घरी नाही.

काकू : कुठे जायचंय?

काका : तू नेशील तिकडे. पण मोठ्या रस्त्यानं जाऊ. दोन-तीन सिग्नल लागू देत.

काकू : शेजारी बसून शिकवत बसायचं नाही हां!

काका : तोंड उघडणार नाही.

काकू : बघू किती वेळ.

मिस्त्री : चला, मग मी लागतो कामाला. डायनामो पुसून फळीवर ठेवतो, टाकायचा नाही. आणि या पकडी नव्या घालतो, काकू, म्हणजे बत्ता लागायचा नाही. ही पट्टी मात्र कचऱ्यात टाकतो.

काका : ए, ए! आणा ती इकडे.

काकू : अहो, गंजलीय ती. काय करायचीय?

काका : मूळचा भाग आहे गाडीचा. डायनामोशेजारी ठेवायचा.