शेठचं टक्कल

"हॅलो?… हॅलो?… हां दादा, बोल… येतंय, येतंय ऐकू. मशीनचा आवाज आहे रे तो. थांब, पाय काढते."

धाकटीने पायडलवरून पाय काढला आणि फोन खांद्यावरून हातात घेतला. रस्त्याकडेची पुढची खोली हेच तिचं दुकान. भिंतीवर ओळीने लोकांच्या पँटी टांगलेल्या, प्रत्येकीच्या कमरेला चिठ्ठी टाचलेली: दोन इंच आत, चेन बदलणे, खिसा फाटला. त्याच ओळीत, शेवटच्या खिळ्याला, लोकरी कापडाच्या दोन लहान पिशव्या लोंबत होत्या. एकीत शेठ झोपला होता, दुसरीत बारक्या.

"झोपलेत दोघं. दिवसा झोपतातच ते, तुला माहीत नाही?… हो, तूच आणले होतेस. कोण नाही म्हणतंय?"

ते खरंच होतं. चार वर्षांपूर्वी आईला सोबत म्हणून दादानेच शुगर ग्लायडरची जोडी आणून दिली होती. मुठीत मावतील एवढे, खारीसारखे जीव. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. कपाटावरून उडी मारली की पडदा पसरून तरंगत यायचे आणि बरोबर आईच्या खांद्यावर उतरायचे. नर पांढराशुभ्र, डोक्यावर मधोमध टक्कल. वयात आलेल्या नराला ते असतंच, पण आईने बघताक्षणी त्याचं नाव शेठ ठेवलं. बारक्या हा त्याचा पोरगा. मादी मागल्या वर्षी गेली, आणि नऊ महिन्यांपूर्वी आई. मग बापलेक धाकटीच्या गळ्यात पडले.

"शेठ ना? मजेत आहे. जरा हलका झालाय इतकंच… अरे वजनाने! एकशे वीस ग्रॅम होता, आता एकशे अठरा… नाही, आजारी नाही. खातो, पितो. सफरचंदाच्या फोडी तर अशा ओढतो हातातून…"

ती मुद्दाम सावकाश बोलत होती. गेले दोन दिवस ती याच फोनची वाट बघत होती. कपडे बेतताना, टाके उसवताना मनातल्या मनात याच फोनची वाक्यं जुळवत होती.

तीन आठवड्यांपूर्वी शेठने बारक्याचा कान फाडला. धाकटीने दोघांना सोडवलं, तिच्याही बोटाचा लचका गेला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कान शिवला आणि स्पष्ट सांगितलं: दोन नर आहेत, मारामारी वाढत जाणार, दोघांची नसबंदी करून टाका. तिने दादाला विचारलं. दादा फोनवर केवढ्यांदा ओरडला! पांढऱ्याला हात लावायचा नाही. साहेबांच्या मुलीकडे मादी आहे, पांढरी पिल्लं काढायचीत, मी साहेबांना शब्द दिलाय, माझ्या बढतीचा प्रश्न आहे. बोटाचं काय झालं, हे त्याने विचारलंही नाही. त्या संध्याकाळी बोटाला पट्टी बांधता बांधता तिचं ठरलं.

"आज? आज येतोस, शेठला न्यायला?… आत्ता निघालायस?… अरे मग आधी सांगायचं ना, मी घर तरी आवरलं असतं… कोण साहेब? तुझे साहेब?… गाडीत, शेजारी?… दादा, फोन स्पीकरवर आहे का? असंच विचारलं रे… बरं, बरं."

धाकटी उठून उभी राहिली. एवढी चांगली संधी तिने मनातसुद्धा बेतली नव्हती.

"नमस्कार साहेब!… हो, मी धाकटी बहीण… नाही हो, त्रास कसला. या ना… रंग अगदी दुधासारखा. शेपूटही पांढरी… हो, हो, माणसाळलेला आहे, खिशात बसतो… साहेब, तुम्ही एवढ्या लांबून येताय म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दादाला माहीत नाहीये… दादा, थांब जरा, मी साहेबांशी बोलतेय ना… तर परवा सकाळी मी दोघांचं ऑपरेशन करून आणलं. नसबंदी."

पलीकडे नुसती गाडीची घरघर.

"हो. दोघांची. शेठचीसुद्धा… अंगठ्याएवढा मास्क लावून गुंगी दिली, वीस मिनिटांत काम झालं. टाके आतून आहेत, वरून गोंद लावलाय. चाटू नये म्हणून मी मोज्याचं जाकीट शिवलं त्याला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी चार शिवून द्या दवाखान्याला… आणि म्हणाल्या, आता टक्कलही भरून येईल. केस येतील शेठला. फक्त पिल्लं तेवढी यायची नाहीत, साहेब. एकही नाही. कधीच नाही."

शेवटचे शब्द तिने एकेक टाका घालावा तसे घातले. मग कान देऊन ऐकू लागली, आणि तिचा चेहरा पडत गेला.

"काय म्हणालात?… बरं झालं?… तुम्ही पण तेच करणार होतात?… म्हणजे पिल्लं नकोत तुम्हाला?… मुळीच नकोत?… मादी एकटी पडलीय… खात नाही… नुसती सोबत हवी… हो, सोबत देईल ना. न द्यायला काय झालं… मग पिल्लांचं कोणी काढलं होतं?… दादाने… अस्सं. दादाने."

ती मट्कन स्टुलावर बसली. दोन दिवस धार लावलेला वार हवेतच गेला होता. वर साहेब तिचं कौतुक करत होते. तिने पिशवीवरून हात फिरवला. आत शेठ कुरकुरला आणि पुन्हा वळकटी करून झोपला.

"आं?… माफ करा साहेब, लक्ष नव्हतं माझं… हो, आईचेच हे… नऊ महिने झाले… हो, फार त्रास झाला तिला शेवटी… काय? दादाने?… सव्वीस दिवस?"

धाकटीचा हात पिशवीवरच राहिला.

"एक मिनिट साहेब. पुन्हा सांगा… दादाने सव्वीस दिवस रजा घेतली होती. आईसाठी… तुम्हीच सही केलीत… तिच्या उशाशी बसायचा… स्वतःच्या हाताने भरवायचा… तुमच्या अख्ख्या ऑफिसला सांगितलं त्याने… दादा, मध्ये बोलू नकोस. आवाज अजिबात तुटत नाहीये, लख्ख येतोय. साहेब बोलतायत, त्यांना बोलू दे… हो साहेब, ऐकतेय… असा मुलगा सगळ्यांना मिळो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. पण आवाज चढला नाही. उलट थंड झाला, स्वच्छ झाला.

"साहेब, तुम्ही भले आहात, म्हणून सांगते. ते सव्वीस दिवस दादा इथे नव्हता. एकही दिवस नव्हता… थट्टा नाही हो, आईची थट्टा करीन का मी?… दादा, तू गप्प बस!… साहेब, आईला कुशीवर वळवायला वरच्या मजल्यावरची नर्स यायची. ड्यूटी संपवून, थकलेली, तरी यायची. परकी बाई. भरवायची मी. चादरी धुवायची मी. दुकान महिनाभर बंद होतं, या गल्लीत कोणालाही विचारा. मी रोज दादाला फोन करायची, तो म्हणायचा, रजाच मिळत नाही गं. साहेब फार कडक आहेत… हो. तुम्ही. तुम्हीच कडक."

पलीकडे कोणीतरी खाकरलं.

"कुठे होता म्हणजे… त्याच महिन्यात वहिनीने मला फोटो पाठवले होते. नव्या घराला रंग देताना. मी आईच्या खोलीत बसून बघितले. शिडीवर दादा, हातात ब्रश, डोक्याला रुमाल. पिवळा रंग… फोटो आहेत ना, अजून आहेत फोनमध्ये. आल्यावर दाखवते… आई गेल्यावर चौथ्या दिवशी आला, दोन तास बसला, आणि जाताना विचारलंन, पांढरा कुठाय."

गाडीची घरघर कमी कमी होत बंद पडली.

"हॅलो? साहेब?… हो, आहे मी… नाही, तुम्ही कशाला माफी मागता?… ते मात्र जमायचं नाही, साहेब. शेठ मी देणार नाही. शब्द दादाने दिला होता, मी नाही… पण मुलीला घेऊन या एकदा. मादीला पण आणा पिशवीतून. जखम भरू दे, मग भेटवू त्यांना. सोबतच हवीय ना, इथे येऊन मिळेल… हो. या. ठेवू का मग?… कोण, दादा? नाही, त्याच्याशी बोलायचं नाहीये मला…"

पण फोन दादाचाच होता. गाडीचं दार उघडून धाडकन आपटल्याचा आवाज आला, मग रस्त्यावरच्या वाहनांचा गोंगाट.

"बोल. काय उरलंय आता?… स्पीकर काढलास? आता काढलास!… हो, मुद्दाम. ऑपरेशनही मुद्दाम आणि हेही मुद्दाम… ऑपरेशन करायचंच होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पण मी केलं ते तुझ्या नाकावर टिच्चून केलं. कबूल… ओरड, ओरड. रस्त्यातच उभा आहेस ना? लोक बघतायत का?… साहेब काय करतायत?… नुसते समोर बघत बसलेत. बसू देत… बढती? तुझ्या पोटावर पाय दिला म्हणतोस, आणि आईच्या नावावर रजा खाल्लीस त्याचं काय? ती श्वासाला तडफडत होती आणि तू भिंती रंगवत होतास!… घाबरला होतास? कशाला घाबरला होतास?… बघवलं नसतं. हो का? मला बघवत होतं ना! माझे डोळे दगडाचे!"

आता तिचाही आवाज चढला होता. खिळ्यावरची एक पिशवी हलू लागली. बारक्याने फाटका कान बाहेर काढून बघितलं. तिने एका बोटाने त्याला हलकेच आत ढकललं.

पलीकडचं ओरडणं एकाएकी थांबलं. मग जो आवाज आला तो ओळखीचाच होता, पण फार वर्षांपूर्वीचा. शाळेतून मार खाऊन आल्यावर जिन्यात बसून रडणाऱ्या दादाचा.

"काय?… मोठ्याने बोल, ट्रकचा आवाज येतोय… आईने?… शेवटी काय?… तुझं नाव घेतलं का?"

समोरच्या पँटीच्या कमरेची चिठ्ठी वाऱ्याने उलटसुलट होत होती, धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

शेवटच्या तीन दिवसांत आईने धाकटीला एकदाही धाकटी म्हणून हाक मारली नव्हती. भरवताना, पाठ पुसताना, पहाटे पाणी मागताना ती दादालाच हाका मारत होती. आलास का रे? दमलास का रे? आणि प्रत्येक हाकेला धाकटी 'ओ' देत होती.

"हॅलो… आहे, आहे लाइनवर… नाही, दादा. एकदाही नाही."

आणि तिने फोन ठेवला.