मुरकी मेंढीला दिलेल्या गोळ्यांबाबत

डब्यात औषध होतं का खडू, एवढंच मला पाहिजे. ते देणाऱ्यालाच माहीत नाही म्हणतात, मग हा काय कारभार आहे ते तुम्हीच सांगा. आधी नाव-गाव सांगा असे हवालदारांनी तिसऱ्यांदा म्हटले, म्हणून सांगते.

नाव अंबुबाई जोतिराम मेटकरी, वय अंदाजे ५२, धंदा मेंढपाळ, शिक्षण चौथी, राहणार बिरुदेव मंदिरामागील वस्ती, ता. सांगोला, जि. सोलापूर.

आज दि. ७ मार्च २०२५, शुक्रवार रोजी दुपारी १२.४० वाजता सोलापुरात पोलीस ठाण्यात स्वतः येऊन समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी माझे मालक जोतिराम, वय ६१, यांच्यासोबत राहते. आमच्याकडे लहानमोठी ४६ मेंढरं आहेत. मालकांना तीन वर्षांपासून विसर पडतो. आधी वस्तू विसरायचे, मग वाटा, मग माणसं. मागच्या दिवाळीपासून ते मला 'बाई' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. मेंढरं मात्र रोज बरोबर मोजतात.

सांगोल्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यावरून दि. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मी मालकांना सोलापूर येथील मेंदू-आधार संशोधन केंद्रात आणले. तिथे डॉ. पंचाक्षरी यांनी मालकांना आज वार कुठला असे विचारले. मालक म्हणाले, "तुमाला म्हाईत न्हाय व्हय? मग कुणाला तरी इचारा की." त्यावरून डॉक्टरांनी लिहिले की या माणसाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, आणि कागदावर माझी सही घेतली.

डॉक्टरांनी मला आजार समजावून सांगितला तो असा. मेंदूत बारीक बारीक कण असतात, त्यांना प्रोटीन म्हणतात. ते ठरल्या घडीत असायला पाहिजेत. एकाची घडी चुकली की तो शेजारच्याला चिकटतो, त्याचीही चुकवतो, असे करत सगळ्या मेंदूत गुठळ्या होतात. मी म्हणाले, "म्हंजे पुढचं मेंढरू खड्ड्यात गेलं की मागची समदी जात्यात, तसं." डॉक्टर म्हणाले, "अगदी तसंच, अंबुबाई." मी म्हणाले, "मग पुढचं धरा की." ते म्हणाले, नवी गोळी तेच करते का, ते आम्ही बघतोय.

गोळ्यांचा पांढरा डबा मिळाला. रोज दोन, महिन्याने नवा डबा. निम्म्या रोग्यांना खरी गोळी मिळते आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितले असे ते म्हणतात. कागदावर असेल. कागद सतरा पानी होता.

आमच्यात नवा पाला, नवं पाणी आधी एका जुन्या मेंढीला देतात. पाच दिवस ती धड राहिली तर मग कळपाला. हे माझ्या सासऱ्यापासून चालत आलेले आहे. त्याप्रमाणे डबा उघडून पहिले पाच दिवस गोळ्या मी मुरकी नावाच्या मेंढीला भाकरीत घालून दिल्या आणि नंतर मालकांना चालू केल्या. प्रत्येक नवा डबा आला की परत पाच दिवस मुरकी, मग मालक. नवा डबा म्हणजे नवा पाला. यात मी काही चोरून केले नाही. कोणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही. डबा संपला का विचारायचे, मी संपला म्हणायचे, आणि तो संपलेला असायचा.

मुरकी सात वर्षांची आहे. दोन वेतं झाली, ती आपले कोकरू ओळखत नाही. वास घेते आणि ढकलून देते. डिसेंबरात तिने कोकरू आपणहून पाजायला घेतले.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालक मला म्हणाले, "अंबे, ह्यो चहा हाय का मेंढरं धुतल्यालं पाणी?" मी तो चहा ओतून दिला व दुसरा केला. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारू लागले व रोज एक तरी शिवी देऊ लागले.

दि. १७ फेब्रुवारी रोजी मी हे डॉक्टरांना आनंदाने सांगितले. मेंढीचेही सांगितले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. चंद्रिका मॅडम म्हणून तिथे कागद भरणाऱ्या बाई आहेत, त्यांनी घरातील इतर कोणी औषध घेतल्यास भरायचा कागद काढला. नाव मुरकी, वय सात, स्त्री, असे लिहून त्या मला म्हणाल्या, "काकू, पेशंटशी नातं काय लिहू?" मी म्हणाले, "माझ्यापेक्षा जवळचं ल्ह्या." शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी निरक्षर लिहिले. त्यानंतर मालकांना अभ्यासातून काढल्याचे सांगून उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. नियम मोडला म्हणाले. नियम मी मोडला, मग गोळ्या मालकांच्या का बंद केल्या?

मी विचारले, डबा खरा होता का खोटा? डॉक्टर म्हणाले, "मलाच माहीत नाही हो. ते कंपनीच्या कपाटात बंद आहे. मला कळलं तर अभ्यास मोडतो." मी म्हणाले, "मोडू दे की, माणूस मोडण्यापरीस." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

दि. ५ मार्च रोजी सकाळी मी रेशन आणायला गेले असता वस्तीवर केंद्राची पांढरी गाडी आली. गाडीतल्या माणसांनी मालकांची कागदावर सही घेतली व मुरकीला घेऊन गेले. ज्याला वार सांगता येत नाही म्हणून त्याची सही चालली नव्हती, त्याची मेंढीसाठी चालली. संध्याकाळी मालकांनी मेंढरं मोजली व म्हणाले, "मुरकी न्हाय." तेव्हापासून ते ओढ्याने तिला हाका मारत फिरतात. मी हरवले तर माझ्या नावाने मारतील का, माहीत नाही. हे लिहू नका म्हटले होते, हवालदारांनी लिहिले.

काल दि. ६ रोजी मी केंद्रात गेले. मुरकी गाड्या लावायच्या जागी बांधलेली होती. तिच्या कानात ०४२-अ अशी चिठ्ठी आहे. मालकांचा नंबर ०४२ होता. डॉक्टर म्हणाले, सोमवारी कंपनीची माणसं येणार, गोळीचा परिणाम बघायला तिचा मेंदू काढणार. मी म्हणाले, "खडू खाल्लेल्या मेंढीचं डोकं कोण फोडतं? तुमी तिला नेली म्हंजे डब्यात औषध हुतं." ते म्हणाले तसा अर्थ होत नाही, दोन्ही बाजू तपासाव्या लागतात. मग कसा होतो, असे विचारले असता त्यांनी मला पाणी दिले.

यात गुन्हा कुठला, असे मला हवालदार युवराज यांनी विचारले. मी सांगते की सही करायला अक्कल नसलेल्या माणसाची सही घेऊन दूध पाजती मेंढी नेली, हा पहिला. दुसऱ्याला कलम नसेल तर नुसता लिहून घ्या. तो असा की, गोळ्या बंद होऊन आज अठरा दिवस झाले. पंधराव्या दिवसापर्यंत मालक शिव्या देत होते.

मालकांना आता घरी एकटे ठेवता येत नाही, म्हणून सोबत आणले आहे. ते बाहेर बाकावर बसलेले आहेत. हवालदारांनी त्यांना आत बोलावून, आजोबा तुमची काय तक्रार आहे, असे विचारले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या, सायेब. आधी ह्या बाईंचं बघा. लई येळ हुब्या हायत्या, कुणीतरी फशिवलेलं दिसतंय त्यास्नी."

तरी माझे म्हणणे असे की, मुरकी जिवंत परत मिळावी, आणि डब्यात काय होते ते कंपनीने कपाट उघडून सांगावे. खरी गोळी असेल तर ती मालकांना परत चालू करावी, नसेल तर तसे तोंडावर सांगावे. खोट्या गोळीने माणूस नावाने हाक मारत असेल तर मला खोटीच द्या, मी सही करते. उत्तर सोमवार दि. १० मार्च रोजी सकाळी अकराच्या आत द्यावे. साडेअकराला ती माणसं येणार आहेत.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी 'मेंढा' लिहिले होते, ते 'मेंढी' करून घेतले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे. सही मी स्वतः केली आहे, अंगठा नाही.

अंबुबाई जोतिराम मेटकरी

समक्ष: पोलीस हवालदार, ठाणे अंमलदार