डबीवरचं नाव

(मैसूर, सरस्वतीपुरम. सकाळचे साडेआठ. निवृत्त शिक्षक तिरुमलराव आणि त्यांची बायको कमलाक्षी नाश्त्याच्या टेबलाशी. त्यांनी एक पुडा तिच्यासमोर धरलाय.)

कमलाक्षी : थांबा, सांगू नका! 'रवा'. त्याच्याखाली लहान अक्षरात... 'बारीक'. बरोबर?

तिरुमलराव : अय्यो, अगदी बरोबर! आणि नजरेच्या मधला तो काळा डाग?

कमलाक्षी : आहे, पण विरळ झालाय. दोन वर्षांनी वाचतेय हो मी! आणखी द्या काहीतरी. ती माझी व्हिटॅमिनची डबी द्या.

तिरुमलराव : डबी नको. पेपर घे ना, पेपर.

कमलाक्षी : घेतली मीच डबी. 'जेवणानंतर एक गोळी.' नोडी, बघा, एवढं बारीक वाचलं! 'केवळ चाचणीसाठी.' 'तिरुमलराव.' अहो, माझ्या व्हिटॅमिनवर तुमचं नाव कशाला?

तिरुमलराव : सुम्ने, उगाच छापतात गं.

कमलाक्षी : मला शिकवू नका. डोळ्यांच्या नव्या औषधाची चाचणी, डाग दोघांच्याही डोळ्यांत, पण तुम्हाला घेतलं आणि मला बीपी म्हणून परत पाठवलं. ती गोळी ना ही?

तिरुमलराव : हौदु. तीच. तीन महिने झाले तुला देतोय.

कमलाक्षी : आणि तुम्ही?

तिरुमलराव : मला पुरेसं दिसतं. अगं, कुणाला खरी गोळी, कुणाला साधी, बिनऔषधाची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आपल्याला खरीच मिळालीय! लागू पडलं औषध, कमलाक्षी!

कमलाक्षी : आणि माझं बीपी?

तिरुमलराव : रोज सकाळी मापत नव्हतो? आकडा जरा चढला असता तर त्याच दिवशी डबी फेकली असती.

कमलाक्षी : म्हणून तो पट्टा होय! मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय.

तिरुमलराव : तेही खोटं नाही.

कमलाक्षी : हसवू नका. दहाला चाचणीच्या डॉक्टर पावनी तुमचे डोळे तपासणार आणि लिहिणार, 'काही फरक नाही.'

तिरुमलराव : लिहू दे.

कमलाक्षी : लिहू दे? गुण आला माझ्या डोळ्यांना आणि औषध नापास तुमच्या! तुमची बन्नूरची बहीण, तिलाही हाच डाग, रोज फोन करून विचारते, औषध कधी निघणार म्हणून. तिला काय सांगू? मी येते बरोबर. सगळं सांगून टाकू.

तिरुमलराव : चाचणीतून काढतील. डबीही परत घेतील. तो डाग पुन्हा दाट होईल गं.

कमलाक्षी : होईल. भीती वाटतेच मला, नाही कशाला म्हणू? पण सांगायचं.

तिरुमलराव : बरं. ऑटो बोलावतो.

कमलाक्षी : थांबा. जरा उजेडाकडे वळा. अय्यो, डाव्या गालावर केवढी दाढी राहिलीय! किती दिवस असे फिरताय?

तिरुमलराव : आत्ताच तर केली.